नव्वदचं दशक चौदा फलकांत कसं मांडावं?

पत्र

ताई, आमचं गाव देवगड तालुक्यात. गावच्या वाचनालयाला यंदा साठ वर्षं होतायत, म्हणून गणपतीत पाच दिवस 'नव्वदचं दशक' असं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. चाकरमानी आलेले असतात, गर्दी होईल. खोली अठरा बाय बारा फुटांची, खर्चाला आठ हजार रुपये, हातात दोन महिने. यादी त्रेचाळीस घटनांवर गेलीय आणि तिथेच भांडण अडलंय. पोरांना सचिन, शारजा आणि शाहरुख हवाय. जाणत्यांना बाबरी, बॉम्बस्फोट आणि एन्रॉन हवं. सरपंच म्हणतात, वादाचं काहीच नको. माळ्यावर जुन्या पेपरांची एक ट्रंक सापडली, पण कागद दमट आहेत, काहींना बुरशी आहे, कसर तर सगळीकडे. एक सदस्य म्हणतात उन्हात टाका, दुसरे म्हणतात सरळ लॅमिनेट करून भिंतीला लावा. काय घ्यायचं, काय सोडायचं आणि कागदांचं काय करायचं, ते सांगा.

उत्तर

नमस्कार. आधी ट्रंकेचं बघू, कारण यादीचा वाद आणखी पंधरा दिवस चालला तरी चालेल, कागद मात्र थांबणार नाहीत.

कागद उन्हात टाकू नका. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. उन्हाने तो पिवळा पडतो, मग तांबूस, आणि घडीवर बोट लावलं की तुकडा हातात येतो. एका दुपारच्या कडक उन्हाने होणारं नुकसान पुन्हा भरून येत नाही. लॅमिनेशनही नको. दमट कागद प्लॅस्टिकमध्ये बंद झाला की बुरशी आतच वाढते, आणि एकदा चिकटलेलं प्लॅस्टिक कागद फाडल्याशिवाय सुटत नाही.

करायचं ते असं. पडवीत किंवा वाऱ्याच्या खोलीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी टेबलांवर कोरे पांढरे कागद पसरा आणि त्यावर एकेक अंक ठेवा. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, कागदांवर थेट वारा नको. खालचा कोरा कागद रोज बदला. पावसाळ्यात चार-पाच दिवस लागतील, घाई करू नका. बुरशी बोट लावल्यावर फासली जात असेल तर ती अजून ओली आहे, तिला हात लावायचा नाही. ती वाळून भुकटी झाली की कोऱ्या, मऊ, दीड-दोन इंची रंगाच्या ब्रशने मधून कडेकडे हलकेच झाडायची. हे काम अंगणात करा, घरात नाही. एन-९५ मास्क आणि हातमोजे लागतीलच. ज्याला दमा आहे त्याला या कामाला बसवू नका, तो कितीही उत्साही असला तरी.

जी पानं एकमेकांना चिकटलीयत ती ओढून सोडवू नका. तसाच गठ्ठा बाजूला ठेवा. त्यातली बातमी दुसऱ्या वाचनालयात सुस्थितीत मिळण्याची शक्यता चांगली आहे. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या कागदात घालू नका. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असेल तरच घाला, हिरवा पाला उलट ओल आणतो. आणि खळीने काहीही चिकटवू नका, कसर खळच खायला येते. सेलोटेप तर अजिबात नको. दहा वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा तपकिरी डाग अक्षरांवर कायमचा राहतो.

मूळ अंक प्रदर्शनात लावायचेच नाहीत. गणपतीच्या दिवसांतल्या हवेत पाच दिवस उघडा राहिलेला कागद पुन्हा ओला होतो. फोटो काढा आणि प्रती लावा. ढगाळ दिवशी खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाइल ट्रायपॉडवर किंवा दोन खुर्च्यांवर टाकलेल्या फळीवर, कागदाला अगदी समांतर. आधी पूर्ण पान, मग बातमी. मात्र एक तरी फोटो असा हवा की ज्यात वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि मथळा एकाच चौकटीत दिसतील. तो नसेल तर महिनाभराने ही बातमी कुठल्या पेपरातली, यावर तुमच्याच समितीत वाद होईल. फाइलला नाव तारखेने द्या, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

आता यादी.

त्रेचाळीस घटना त्या खोलीत मावणार नाहीत, हे मोजूनच दाखवता येतं. अठरा बाय बारा म्हणजे भिंतींची एकूण लांबी साठ फूट. दार आणि दोन खिडक्या मिळून बारा फूट धरले तर अठ्ठेचाळीस उरतात. दोन फूट रुंदीचा फलक आणि दोन फलकांत एक फूट अंतर असा हिशेब धरला तर सोळा बसतात. कोपऱ्यात माणसं अडतात म्हणून त्यातले दोन वजा करा. राहिले चौदा. समितीच्या पुढच्या बैठकीत हा हिशेब आधी मांडा, मग घटनांची नावं काढा. जागा ठरली की भांडण निम्मं होतं.

पण चौदा कुठल्या? तुमच्याकडे पोरांची यादी आणि जाणत्यांची यादी अशा दोन याद्या आहेत, आणि खरं सांगायचं तर दोन्हींत एकच खोट आहे. दोन्ही मुंबई-दिल्लीहून आलेल्या आहेत. कुठल्याही शहरातल्या कुठल्याही सभागृहात त्या तशाच लावता येतील. तुमच्या गावात लावायच्या फलकाला एक जास्तीची कसोटी हवी. प्रत्येक फलकावर दोन ओळी लिहा: 'घडलं' आणि 'आपल्याकडे पोचलं'. पहिल्या ओळीत घटनेची तारीख. दुसऱ्या ओळीत ती गोष्ट तुमच्या वाडीत कधी, कशातून, कोणाच्या तोंडून आली. नव्वदच्या दशकात या दोन ओळींमधलं अंतर कधी काही तासांचं होतं, कधी सहा वर्षांचं. ते अंतर हाच तुमच्या प्रदर्शनाचा विषय. ज्या घटनेची दुसरी ओळ कोणालाच भरता येत नाही, ती घटना कितीही मोठी असली तरी फलकावर येत नाही.

कोकण रेल्वेवर ही कसोटी लावून बघा. सगळे २६ जानेवारी १९९८ लिहितात. त्या दिवशी रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग सुरू झाला, तारीख बरोबरच आहे. पण गाडी टप्प्याटप्प्याने खाली आली. १९९३ मध्ये वीरपर्यंत, १९९५ मध्ये खेडपर्यंत आणि १९९६ च्या अखेरीस सावंतवाडीपर्यंत. पुढे पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने काम रखडवलं, म्हणून पूर्ण मार्गाला १९९८ उजाडलं. म्हणजे कणकवलीला उतरणाऱ्या माणसासाठी रेल्वे वर्षभर आधीच आलेली होती. फलक असा लिहिता येईल:

*कोकण रेल्वे. घडलं: १९ जुलै १९९० ला महामंडळ स्थापन, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू. आपल्याकडे पोचलं: १९९६ च्या अखेरीस, कणकवली स्थानकात. त्याआधी मुंबईहून गावी यायला एसटीची रात्र काढावी लागे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. आपल्या गावातून पहिल्यांदा रेल्वेने मुंबईला गेलेली व्यक्ती: …*

शेवटची जागा रिकामी ठेवलीय ती तुम्ही मुलाखतींतून भरायची. तीच ओळ वाचायला लोक थांबतील. बोगद्याची लांबी मोबाइलवर कोणालाही मिळते.

उलट टोकाचं उदाहरण गणपती दूध पितो या बातमीचं. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. वर्तमानपत्रात ती दुसऱ्या दिवशी आली, पण गावोगावच्या देवळांत रांगा त्याच दिवशी लागल्या होत्या. एसटीडी बूथवरचा फोन पेपरच्या गाडीपेक्षा पुढे गेला, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. इथे दोन्ही ओळींत एकच तारीख येते, आणि म्हणूनच हा फलक दशकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या फलकांपैकी एक आहे. खाली दोन वाक्यांत कारण द्या: चमच्यातलं दूध मूर्तीला टेकलं की पृष्ठताणाने आणि केशाकर्षणाने ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळतं. कोणाच्या श्रद्धेची टर उडवणारा शब्द मात्र फलकावर नको. रांगेत उभी राहिलेली माणसं प्रदर्शन बघायला येणार आहेत.

याच घटनेत आठवण कशी फसवते तेही दिसतं. निम्मे लोक तुम्हाला सांगतील की हे 'त्या वर्षीच्या गणपतीत' झालं. १९९५ चे गणपती ऑगस्टच्या अखेरीस बसले होते. २१ सप्टेंबरला पितृपक्ष चालू होता. म्हणून सांगणाऱ्याला तारीख विचारू नका, खुणा विचारा. पोरगं कितवीत होतं, आंब्याचा हंगाम होता की भातकापणी, शिमगा झाला होता का, बातमी सांगितली कोणी, तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात. मग जुन्या कालनिर्णयाशी ताडून बघा. खिळ्याला एकावर एक अडकवलेली कालनिर्णयं अजून बऱ्याच घरांत असतात, आणि त्यावरचा दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, 'बाबा मुंबईस गेले' असली पेन्सिलीची नोंद हा पेपरइतकाच भक्कम पुरावा आहे. मुलाखत दहा-बारा मिनिटांची ठेवा, मोबाइलवर आवाज टिपा आणि पंखा बंद करा. पंख्याच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा आवाज बुडतो.

पेपरची तारीख हीही एक फसगत आहे. बातमी आदल्या दिवसाची असते हे माहीत असूनही घाईत पेपरवरची तारीख उचलली जाते. त्यात लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती रात्री लवकर छापून गाडीत पडायची. उशिरा घडलेलं काही तिच्यात नसे. शारजाचे क्रिकेट सामने दिवस-रात्रीचे, आपल्याकडे रात्री उशिरा संपणारे. तुमच्या ट्रंकेतला २३ एप्रिल १९९८ चा अंक डाक आवृत्तीचा असेल तर त्यात निकाल अर्धवट असेल किंवा नसेलच. अंक चुकीचा आहे असं समजून फेकू नका. २४ तारखेचा शोधा आणि दोन्ही शेजारी लावा. ते दोन अंक मिळून तुमच्या गावाचं मुंबईपासूनचं अंतर दाखवतात.

शारजाचा विषय निघालाय तर पोरांना एवढं सांगा. धुळीचं वादळ आलं तो सामना २२ एप्रिलचा, सचिनच्या १४३ धावांचा, आणि तो भारत हरला होता. ४६ षटकांत २७६ चं लक्ष्य होतं, आपण २५० पर्यंत पोचलो. अंतिम फेरी गाठायला २३७ पुरेशा होत्या, म्हणून हरूनही जल्लोष झाला. विजय २४ एप्रिलचा, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा. त्या दिवशी १३४ धावा आणि चषक. दोन सामन्यांची सरमिसळ करून '१४३ धावा करून चषक जिंकला' असं लिहिलेलं जागोजागी दिसतं. तुमच्या फलकावर ती चूक दिसली तर गावातली चाळिशीची माणसं पहिल्याच दिवशी पकडतील.

आणखी काही नेहमीच्या चुका आहेत, त्या आत्ताच यादीतून काढा. 'रामायण' मालिका नव्वदची नाही, १९८७-८८ ची. 'महाभारत' १९९० च्या जूनमध्ये संपलं. 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं १९८० मध्ये. नव्वदमध्ये ते जोरात चालू होतं हे खरं, पण त्या दशकात आलं असं लिहू नका. मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. नव्वदमध्ये जे घडलं ते त्याचं ओझं वाहणं, आणि ते देवगडच्या घराघरांत घडलं, पण त्याची तारीख संपाची नव्हे. टेलिफोनच्या फलकावर 'बीएसएनएल' लिहिणार असाल तर थांबा. ती कंपनी १ ऑक्टोबर २००० ला झाली, त्याआधी दूरसंचार खातं होतं. मुंबई-गोवा महामार्गाला तेव्हा १७ क्रमांक होता, आजचा ६६ नव्हे.

दशक कुठून कुठपर्यंत, यावर वेळ घालवू नका. लोक 'नव्वदचं दशक' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात १९९० ते १९९९ असतं. तेच घ्या.

आता सरपंचांचं म्हणणं. वादाचं काहीच नको असं ठरवलं तर १९९२-९३ गाळावं लागेल, आणि ते गाळलं तर प्रदर्शन खोटं होईल. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली ते, त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीतल्या मुंबईच्या दंगली, मग १२ मार्च १९९३ चे स्फोट, ज्यांत २५७ माणसं गेली. देवगडमधली किती घरं त्या महिन्यांत मुंबईहून पत्राची, फोनची वाट बघत बसली असतील! आणि त्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स कोकणच्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरवलं गेलं होतं. त्यानंतर किनाऱ्यावर काय बदललं ते तुमच्या गावातले मच्छीमार सांगतील. या सगळ्याचा एकच फलक करा. तारखा, आकडा, आणि गावातल्या दोन-तीन माणसांच्या दोन-दोन वाक्यांच्या आठवणी. त्यात वेगवेगळ्या समाजाची माणसं असू देत. मृतदेहांची छायाचित्रं नकोत, घोषणा नकोत, 'कोणामुळे झालं' याची फलकावर चर्चा नको, गावातल्या कोणाचं नाव आरोपाच्या सुरात नको. मजकूर छापण्याआधी सरपंचांना आणि ज्यांच्या आठवणी घेतल्या त्यांना वाचून दाखवा. वाचून दाखवल्यावर विरोध बहुधा मावळतो, कारण विरोध आठवणीला नसतो, शेरेबाजीच्या भीतीला असतो.

एन्रॉनचंही तेच. एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प गुहागर तालुक्यात अंजनवेलला. १९९३ मध्ये करार, १९९५ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने तो रद्द केला, १९९६ मध्ये फेरवाटाघाटी, १९९९ च्या मे महिन्यात पहिल्या टप्प्याची वीज. एवढा क्रम लिहा आणि खाली दोन रकाने करा: विरोध करणारे काय म्हणत होते, बाजूने असलेले काय म्हणत होते. दोन्हींना सारखीच जागा, सारखीच अक्षरं. तुमच्या समितीचं मत तिसऱ्या रकान्यात घालू नका.

दोन्ही याद्यांत नाहीत अशा दोन गोष्टी मी ठामपणे घालायला सांगेन. एक, १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना. देवगडात आंब्या-काजूचं जे रान आज दिसतं, त्यातला किती भाग त्या अनुदानावर उभा राहिला हे बागायतदारांना विचारा. कातळात सुरुंग लावून खड्डे कसे घेतले, कलमं कुठून आली, पहिलं पीक कोणत्या साली निघालं. कलम लावल्यावर धरायला काही वर्षं जातात, त्यामुळे इथे 'घडलं' आणि 'पोचलं' यांच्यात पाच-सहा वर्षांचं अंतर येईल. शहरातल्या कुठल्याही प्रदर्शनात हा फलक नसेल.

दुसरी, २४ एप्रिल १९९३ ला अमलात आलेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, जिच्यामुळे देशभर पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. तुमच्या ग्रामपंचायतीत पहिली महिला सदस्य कधी आली, पहिली महिला सरपंच कधी झाली? ग्रामपंचायतीच्या सभांच्या इतिवृत्तात सही आणि तारीख दोन्ही मिळेल. आधीच्या पानांवर सगळ्या पुरुषांच्या सह्या आणि मग एका पानावर पहिल्यांदा बाईची सही. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन त्या पानाची मोठी प्रत काढा. या फलकाला दुसरं चित्र लागणार नाही. बाई हयात असतील तर उद्घाटनाला त्यांनाच बोलवा.

उरलेले फलक भराभर ठरतील. २४ जुलै १९९१ चा, उदारीकरणाचा अर्थसंकल्प आणि त्यानंतर बाजारातल्या दुकानात आलेल्या नव्या वस्तू. २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झालेली झी वाहिनी ते १५ ऑगस्ट १९९९ ची अल्फा मराठी (आजची झी मराठी), आणि त्या दोन तारखांच्या मधे बांबूवरचा अँटेना कधी उतरला ते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला किल्लारीचा भूकंप. त्या दिवसाचा पेपर आधीच छापून झालेला होता, म्हणजे बातमी रेडिओवरून कळली असणार, ते विचारून घ्या. एसटीडी बूथ. कारगिल, मे ते २६ जुलै १९९९. गावातलं कोणी तेव्हा सैन्यात असेल तर त्याचं घरी आलेलं आंतर्देशीय पत्र मिळतं का बघा. पत्र लावण्याआधी घरच्यांना विचारा आणि खासगी मजकूर झाकून प्रत काढा.

सिनेमाला एकच फलक. १९९१ चा 'माहेरची साडी' आणि २० ऑक्टोबर १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' ही दोन नावं पुरेत. शाहरुखचं मोठं पोस्टर लावण्याऐवजी व्हीसीआर भाड्याने आणून कोणाच्या खळ्यात कुठला सिनेमा दाखवला, वर्गणी किती काढली, पहाटेपर्यंत किती कॅसेटी झाल्या, ते लिहा. पोरांना हे पटवायला वेळ लागेल. त्यांनाच मुलाखती घ्यायला पाठवा, परत येतील तेव्हा पोस्टरचा आग्रह राहणार नाही.

गळणार काय? १९९४ च्या सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय, १९९७ मध्ये आठवड्याच्या अंतराने गेलेल्या डायना आणि मदर तेरेसा, १९९८ ची पोखरण चाचणी. या मोठ्या घटना आहेत आणि कोणी हळहळेलही. पण दुसरी ओळ भरून आणणारं कोणी भेटलं, समजा तालुक्याच्या गावी पहिलं ब्युटी पार्लर त्याच साली उघडलं आणि चालवणारी बाई बोलायला तयार आहे, तर त्या फलकाला आनंदाने जागा द्या आणि दुसरा काढा.

चौदावा फलक कोरा ठेवा. वर फक्त 'आमच्याकडून काय राहिलं?' शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदाच्या चिठ्ठ्या आणि चिमटे. शाईचं पेन नको, दमट कागदावर शाई पसरते.

छपाईच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. इंकजेट प्रिंटरवर काढलेले रंगीत फोटो कोकणातल्या पावसाळी हवेत दोन दिवसांत ओघळतात. लेझर प्रिंट किंवा साधी झेरॉक्स टिकते, कारण तिची भुकटी उष्णतेने कागदात बसलेली असते. मुख्य मजकूर साठ-सत्तर शब्दांच्या वर नको, अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको, मथळा ७२ च्या आसपास. एन्रॉनच्या रकान्यांचे आणि आठवणींचे शब्द याहून वेगळे धरा, पण तेही मोजून. फलकाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवा. पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, कागद चारच कोपऱ्यांत चिकटवला तर मधे फुगा येतो, म्हणून पूर्ण पाठीला चिकटवा. चुन्याच्या भिंतीवर दुहेरी टेप संध्याकाळपर्यंत सुटते आणि फलक रात्री पडतो. दोन टोकांना लाकडी पट्ट्या ठोका, त्यांच्यात सुंभ ताणून बांधा आणि फलक बाइंडर क्लिपांनी अडकवा. आठ हजारांपैकी अर्ध्याहून जास्त छपाई आणि सनबोर्डवर जाऊ देऊ नका. ट्रंकेतल्या कागदांसाठी फाइली आणि कोरे कागद घ्यायला किमान हजार रुपये आधीच बाजूला काढा, नाहीतर ते शेवटी उरत नाहीत.

वस्तू मांडायच्या असतील तर थोड्या आणि उघड्या टेबलावर नकोत. कॅसेट, एसटीडीच्या बिलाची चिठ्ठी, रेल्वेचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट. प्रत्येक वस्तू कोणाची, कधी परत द्यायची, याची वहीत नोंद करा आणि देणाऱ्याची सही घ्या.

फलक लावताना 'घडलं' या तारखेने नका लावू, 'आपल्याकडे पोचलं' या तारखेने लावा. क्रम थोडा विचित्र दिसेल आणि कोणीतरी दारातच म्हणेल की तुमचं चुकलंय. त्याला दुसरी ओळ वाचायला सांगा.

आणि विसर्जनानंतर, सगळे दमलेले असताना, ट्रंक पुन्हा माळ्यावर फेकली जाईल. तसं होऊ देऊ नका. फोटो आणि मुलाखती दोन पेनड्राइव्हवर घाला, एक वाचनालयात आणि एक शाळेत. अंक न दुमडता, मधे कोरे कागद घालून आडवे ठेवा, वर्षवार गठ्ठे करा, गठ्ठ्यावर पेन्सिलीने साल लिहा. ट्रंक भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून दीड फूट वर, विटांवर ठेवा. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि पुन्हा मे संपायच्या आत, कोरड्या दिवशी ती उघडायची. हे काम कोणाचं, ते समितीच्या वहीत नावानिशी लिहून ठेवा.